अपग्रेड केलं आणि वाय-फाय गेलं!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकांनी ११ टाकलं. त्यानंतर वाय-फाय किंवा आवाज गेला, की 'फॉरमॅट मार' म्हणणारे भेटतातच. थांबा! त्यात वर्षभराचा प्रोजेक्ट उडेल. दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतंय का बघा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर रूममेटच्या मशीनवर उतरवा आणि पेनड्राइव्हने टाका. तरीही जमलं नाही, तर प्रोजेक्टची कॉपी बाहेर घेऊन सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' करा. ही सोय १० दिवसच असते. तोवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर डिलीट करू नका, जुनं विंडोज त्यातच असतं. फॉरमॅट सर्वांत शेवटी!