किळस जिभेला येते की मनाला?

आता उत्क्रांतीवाल्या डार्विनचंच बघू या. केंब्रिजला शिकताना तो एका खादाड मंडळात होता. लोक सहसा खात नाहीत असे पशुपक्षी चाखायचे, हा उद्योग. ससाणा झाला, म्हातारं घुबड मात्र घशाखाली उतरेना, आणि मंडळ आटोपलं. ती नुसती हौस.

१८३३ मधला अर्जेंटिनातला प्रसंग निराळा. रात्रीचं जेवण चाललेलं. कुणाच्या तरी बोलण्यावरून डार्विनला वाटलं, आपण गाईच्या पोटातलं, दिवस न भरलेलं वासरू खातोय. तिकडे ते आवडीनं खात. त्याला एकदम धस्स झालं. मग कळलं, हा प्यूमा. मार्जारकुळातलं मोठं जनावर. मांस पांढरं, चव थेट वासराच्या मांसासारखी, असं तो शांतपणे लिहून ठेवतो!

इथं आपण जरा थांबू. घास तोच, जीभ तीच. मधे बदललं फक्त नाव. बरं, वासराचं मांस इंग्रजाला परकं नव्हतं. म्हणजे त्याला नकोसं झालं ते न जन्मलेलं वासरू, आणि ‘न जन्मलेलं’ ही काही चव नव्हे. मग ‘विचित्र’ हे विशेषण आपण नेमकं कशाला लावतो?

तिथल्या गाउचो गुराख्यांचा हिशोब वेगळाच. जग्वार खाण्याजोगा की नाही, यावर त्यांच्यात मतभेद. मांजर उत्तम, यावर मात्र एकमत.