वाळवंटातल्या शहरी एकटीनं दोन दिवस

वाळवंट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी पंढरपूर आठवतं. चंद्रभागेचं वाळवंट, पताका आणि माणसांची दाटी. त्यामुळे एक शनिवार-रविवार वाळवंटातल्या शहरात एकटीच जाऊन येणार आहे, असं मी घरात सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "एकादशी आहे का गं?" मी जोधपूर म्हटल्यावर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग आमचे हे म्हणाले, "वाळवंट बघायला एवढ्या लांब कशाला? एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवर उभी राहा."

ही गोष्ट डिसेंबर २०२३ मधली. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच जणींनी आणि दोन निवृत्त शिक्षकांनी मला विचारलं, की असं एकट्यानं जायचं तर आखणी कशी करायची? लातूर-नांदेडच्या माणसाला ते जमतं का? जमतं. पण हिशोब आधी करावा लागतो, आणि तो तिकिटापासून नव्हे तर घरापासून सुरू होतो.

सगळे मिळून सहलीला गेलो की कुलूप लावलं आणि निघालो. एकटी निघाले की घर मागे चालूच राहतं. लातूरच्या घरात तर पहिला प्रश्न नळाचा. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी येत होतं आणि आमचा वार होता मंगळवार. पाण्याच्या दिवशी बाई घराबाहेर हा विचार लातूरमध्ये अजून कोणाच्या पचनी पडत नाही. मोटार कधी लावायची, आधी हौद भरायचा की गच्चीवरची टाकी, पिण्याचं वेगळं कशात काढायचं, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. म्हणून मी कागद घेऊन पहिली ओळ लिहिली ती अशी : मंगळवारी सकाळी घरात हजर. मग उलटं मोजत गेले.

मंगळवारी सकाळी लातूर म्हणजे सोमवारी रात्री मुंबईहून लातूर एक्स्प्रेस. सोमवारी मुंबईत असायचं तर रविवारी संध्याकाळी जोधपूर सोडायचं. जाताना गुरुवारी रात्री लातूरहून निघून शुक्रवारी सकाळी मुंबई, दुपारी वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस आणि शनिवारी सकाळी जोधपूर. म्हणजे हाती दोन दिवस, त्यासाठी चार रात्री रेल्वेत, आणि शुक्रवार-सोमवार अशी दोन रजा. 'वीकएंड' हा शब्द पुण्या-मुंबईच्या लोकांचा. आपल्याला तो या दरानं पडतो, हे आधी मान्य केलं की पुढे चिडचिड होत नाही.

या आखणीत दोन जागा कच्च्या आहेत. पहिली मुंबईची. ही दोन वेगळी तिकिटं असतात. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी थांबत नाही, त्यामुळे मधे चार-पाच तास हवेतच. दादरला उतरून लोकलनं वांद्र्याला जाता येतं, पण वांद्रे स्टेशन वेगळं आणि वांद्रे टर्मिनस वेगळं. मधे रिक्षा करावी लागते. दुसरी कच्ची जागा आरक्षणाची. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. हिवाळ्यात राजस्थानच्या गाड्या भरलेल्या असतात, तेव्हा चारही तिकिटं हातात आल्याखेरीज खोलीचे पैसे भरू नयेत.

नांदेडकरांचं जरा सोपं झालं आहे. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या काचीगुडा स्थानकातून जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकापर्यंत गाडी सुरू झाली, ती नांदेड, पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला अशी जाते. मधे गाडी बदलायची दगदग नाही. मात्र ती भोपाळ, उज्जैन, चितोड, अजमेर असा मोठा वळसा घेते आणि दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. शनिवार-रविवार हाती लागावा असं वाटत असेल तर नांदेडहूनही मुंबईमार्गे जाणं किंवा एका बाजूनं विमान करणं बरं.

आता जोधपूरच का? वाळवंट म्हटलं की सगळे जैसलमेरचं नाव घेतात. तिथला सोनेरी किल्ला, समच्या वाळूच्या टेकड्या, उंट. पण जैसलमेर जोधपूरच्याही पुढे आणखी पाच-सहा तास, आणि टेकड्या गावापासून चाळीस किलोमीटरवर. तिथे जीप ठरवावी लागते, तंबू घ्यावा लागतो. एकट्यानं फिरण्यातली खरी अडचण भीतीपेक्षा भाड्याची असते. खोलीचं भाडं एकटीला निम्मं होत नाही, जीपचं तर नाहीच. त्यामुळे जिथे बहुतेक सगळं पायी बघता येईल असं शहर निवडावं. जोधपूरचं जुनं गाव घंटाघर, सरदार मार्केट, निळी घरं आणि डोक्यावर मेहरानगड असं एकमेकांना चिकटून वसलेलं आहे. शिवाय सूर्यनगरी सकाळी पोचते. अनोळखी गावात एकट्या माणसानं दिवसाउजेडी उतरावं, हा माझा पहिला नियम. वाळूच्या टेकड्या मात्र जोधपूर शहरात नाहीत, हे आधीच सांगते. परत आल्यावर शेजारच्या मुलानं 'वाळू कुठंय?' म्हणून सगळे फोटो दोनदा पाहिले.

पण मला जोधपूरला ओढून नेणारं कारण वेगळं होतं. २०१६ चा उन्हाळा लातूरमध्ये कोणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी वाफेनं धुऊन आल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यातून. त्याच उन्हाळ्यात, १९ मे २०१६ रोजी, जोधपूरजवळच्या फलोदीत पारा ५१ अंशांवर गेला होता. तेव्हापासून मनात एक प्रश्न होता. लातूरला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जोधपूरला त्याच्या निम्मा. मग पाणी आम्हाला रेल्वेनं का आणावं लागलं, आणि ती माणसं साडेपाचशे वर्षं तिथे कशी राहिली?

एकट्यानं जाताना असा एखादा प्रश्न बरोबर असावा. तो सोबतीचं काम करतो, आणि 'बघण्यासारखी स्थळं' या यादीतून पाच काढून टाकायला मदत करतो.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास छान ऊन असतं, पण पहाटे पारा दहापर्यंत उतरतो. मी एक पातळ शाल घेऊन गेले आणि स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यापाशी कुडकुडत उभी राहिले. कारण साधं आहे. हवेतली वाफ ही जमिनीवर पांघरलेली गोधडी असते. दिवसा तापलेल्या जमिनीची उष्णता ती रात्री अडवून धरते. कोरड्या हवेत गोधडीच नाही, आणि कोरडी वाळू व खडक लवकर तापतात तसे लवकर निवतात. म्हणून स्वेटर हवाच, आणि दुपारसाठी टोपीही. तहान मात्र फसवी. घाम चटकन वाळतो म्हणून आला हे कळत नाही, तेव्हा बाटली भरलेली ठेवावी आणि तहान लागण्याची वाट पाहू नये.

शनिवारी मी मेहरानगड केला. राव जोधानं १४५९ मध्ये हा गड बांधायला घेतला. डोंगरावर राहणाऱ्या चिडियानाथ नावाच्या साधूला उठवलं, त्यानं शाप दिला की इथे कायम पाण्याचा दुष्काळ पडेल, अशी कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. मला त्या कथेपेक्षा तिच्यावरचा उपाय आवडला. गड बांधला त्याच सुमारास राणी जसमादे हाडीनं पायथ्याशी राणीसर तलाव बांधला. उतारावरून येणारं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, हा शापावरचा उतारा. गडाला लागूनच राव जोधा उद्यान आहे. सत्तर हेक्टरांचा ज्वालामुखी खडक, आणि त्यावर फक्त वाळवंटातली झाडं. हे काम २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा सगळीकडे वेडी बाभूळ माजली होती, आपल्या माळावर माजते तीच. खडकात शिरलेली तिची मुळं काढायला दगडफोडे कारागीर लावावे लागले. इथे दोन तास एकटीनं फिरले, आणि बरोबर कोणी 'चला आता' म्हणणारं नव्हतं याचा आनंद झाला.

संध्याकाळी तूरजी का झालरा. झालरा म्हणजे आपली बारवच, लाल दगडाची, पायऱ्यांची. १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंगांच्या राणीनं ती बांधवली. मधल्या काळात ती गाळानं आणि घाण पाण्यानं भरून गेली होती. गेल्या दशकात उपसून साफ केली. आता भोवती चहा-कॉफीची दुकानं आहेत आणि पोरं वरच्या कट्ट्यावरून पाण्यात उड्या मारतात. पायरीवर बसून एका वृद्ध गृहस्थांशी बोलत होते. मी म्हटलं, "दादा, ही बारव इतकी वर्षं अशी पडून कशी राहिली?" ते म्हणाले, "बाईसा, घरात नळ आला. मग विहिरीकडे कोण बघतं?"

तो नळ येतो कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यातून इंदिरा गांधी कालवा निघतो. त्याचं पाणी पंपांनी उचलून लिफ्ट कालव्यानं जोधपूरला आणलं आहे. हिमालयाचं पाणी मारवाडात पोचलं, आणि लोकांनी झालरे, बावड्या, तलाव सोडून दिले. उपसा थांबला, नळाचं पाणी वरून जमिनीत मुरत राहिलं. गंमत बघा, आज जुन्या जोधपूरमध्ये भूजल इतकं वर आलं आहे की तळघरांत पाणी भरतं आणि ते काढायला पंप लावावे लागतात. शेजारच्या पाली शहराला मात्र एप्रिल २०२२ मध्ये पाणी रेल्वेनंच पोचवलं गेलं, तेही जोधपूरहून. सूर्यनगरी पालीवरूनच जाते. रविवारी रात्री गाडी तिथे थांबली तेव्हा मी खिडकीतून फलाट बराच वेळ पाहत होते.

म्हणजे प्रश्नाचं उत्तर मी धरलं होतं तितकं सरळ निघालं नाही. वाळवंटातली माणसं शहाणी आणि आपण उधळे, असं काही नाही. लांबचं पाणी घरात आलं की जवळचं विसरलं जातं, तिथेही आणि इथेही. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे, आपल्या गावोगावी बारवा आहेत. त्या बघायला आपण कधी सुट्टी काढली आहे?

रविवारचं थोडक्यात सांगते. सकाळी एकुलती एक चैन म्हणून टॅक्सी केली आणि सव्वीसेक किलोमीटरवरच्या खेजडलीला गेले. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. १७३० मध्ये याच अभयसिंगांच्या महालासाठी ही झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठी मारून जीव दिला. तिथे मी कोणाशीच बोलले नाही. दुपारी गावात येऊन खेजडीच्याच शेंगांची कैर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. आपल्या माणसाला तिथलं जेवण परकं वाटत नाही, तूप तेवढं जास्त. उमेदभवन राजवाडा लांबूनच पाहिला. १९२९ मध्ये दुष्काळी काम म्हणून तो सुरू झाला आणि १९४३ मध्ये पुरा झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माझ्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आम्ही रस्ते केले, त्यांनी वाडा केला."

एकटीच्या सुरक्षिततेबद्दल सगळे विचारतात. मुक्काम घंटाघराजवळच्या रहदारीच्या गल्लीत घेतला. घरमालकाचं कुटुंब खाली राहत होतं. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवलं. खोलीचा पत्ता आणि डब्याचा नंबर घरी लिहून ठेवला, आणि रात्री नऊला रोज एक फोन. अंधार पडल्यावर गल्ल्यांत शिरले नाही. याहून वेगळं असं काही केलं नाही.

घरासाठी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला होता : मोटार, हौद, टाकी, पिण्याचे दोन हंडे, क्रमानं. मंगळवारी लातूरला उतरले तेव्हा गाडी पाऊण तास उशिरा होती. रिक्षा गल्लीत वळली आणि मोटारीचा आवाज आला. हे पाइप धरून गच्चीवर उभे होते, सासूबाई खालून ओरडून सांगत होत्या, "अरे आधी हौद, आधी हौद!" मी बॅग दारातच ठेवली आणि पिण्याचे हंडे घासायला घेतले.