व्यसनाधीनता आणि इच्छास्वातंत्र्य

मद्याच्या अंमलामुळे ज्यास अटी समजत नाहीत, तो त्या अवस्थेत करार करण्यास असमर्थ होय, असे भारतीय करार कायदा (१८७२) मानतो. परंतु व्यसनी मनुष्य शुद्धीवर असतानाही पुरता मोकळा नसतो. तलफ अनावर झाली की तो जमिनीच्या कागदावर अंगठा उठवतो, मतही विकतो. स्वार्थी माणसे नेमकी हीच घटका हेरतात. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथानुसार (१९९२, परिच्छेद १७३५) सवयीमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. म्हणून त्या घटकेला आपणही त्याच्याकडून दारू सोडण्याची शपथ वदवून घेऊ नये, असे आम्हांस वाटते. तोही त्याच्या दुर्बलतेचा गैरफायदाच होय. त्याच्या उरलेल्या स्वातंत्र्यास पेलेल एवढेच सुचवावे : आज वैद्याकडे जावे, आपण सोबत असावे.