नळाच्या आट्यांची गोष्ट

गावात नळ आला म्हणजे आपण तलावाचे कौतुक करतो, टाकीचे करतो, उद्घाटनाच्या समारंभाचे तर करतोच. पण एका नळीचे टोक दुसऱ्या नळीला असे जोडायचे की थेंबभर पाणी बाहेर येऊ नये, ही विद्या कोणी सिद्ध केली, याची विचारपूस सहसा होत नाही. आज आपण ती करू.

लंडनमध्ये रस्त्यांना दगडी कोळशाचा वायू पुरविणारी कंपनी १८१२ साली सनद मिळवून उभी राहिली. त्या वेळी बारीक लोखंडी नळ्यांची वानवा होती. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपल्यावर बंदुकांच्या उरलेल्या नळ्या एकापुढे एक जोडून वायू नेला, असे सांगतात. पुढे १८२५ साली वेन्सबरीच्या कॉर्नेलियस व्हाइटहाउसने लोखंडाची तापलेली पट्टी घंटेच्या आकाराच्या साच्यातून ओढून तिच्या कडा सांधण्याची युक्ती काढली. नळी स्वस्त झाली आणि तिच्या टोकांना आटे पाडण्याचे काम वाढले.

आता हे आटे पाहू. साध्या बोल्टचे आटे सरळ असतात; नळीचे निमुळते असतात. १६ इंच लांबीमागे व्यासात १ इंच फरक, असा हा उतार आहे. त्यामुळे जोड आवळत जावा तसतशी नळी पाचरीसारखी घट्ट बसते. उरलेल्या फटी बुजविण्यास आपले नळकारागीर सूत गुंडाळून सफेदा लावीत असत.

आटे पाडणारे हत्यार म्हणजे डाय. तिच्यात कडक पोलादाचे दाते असतात. पुढचे दाते तिरके घासलेले असल्यामुळे सारा घाव एकाच दातावर न पडता वाटून पडतो. वरून तेल सोडावे लागते. अर्ध्या इंचाची नळी शेगड्यात धरून एक मनुष्य दांड्याची डाय सहज फिरवी. पण चार इंची नळीला लांब दांडे आणि चार-चार माणसांची ताकद लागे. शिवाय आटे संपले की डाय तितकीच उलटी फिरवून काढायची. त्यात वेळ जाई आणि झालेले आटे बिघडण्याची भीती राही.

यंत्राने ही अडचण दूर केली. पोकळ आसातून नळी घालून ती जबड्यांत पकडायची. गिरणीच्या मुख्य दांड्यावरून पट्ट्याने गती घ्यायची आणि दातेरी चाकांनी तिचा वेग कमी करून जोर वाढवायचा. नळी फिरते, डाय स्थिर राहते. काही यंत्रांत याच्या उलट. पुढील सुधारणा अशी की आटे पुरे होताच डायचे दाते बाजूला सरकतात आणि नळी सरळ बाहेर येते. कापण्यासाठी त्याच यंत्रावर पातळ पाते बसविलेले असे. हाताच्या कापणीत धारदार चकती नळीभोवती फिरवितात. ती धातू दाबत जाते, म्हणून आतल्या बाजूस कंगोरा उठतो. तो खरवडून काढला नाही तर पाण्याची वाट अरुंद होते.

यंत्र आले, पण प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे! जोसेफ व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतील स्क्रू गोळा करून त्यांवरून १८४१ साली एकच मोजमाप सुचविले. त्याचा कोन ५५ अंशांचा. इंग्लंडच्या नळ्यांनीही तोच कोन घेतला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कारखान्यातील रॉबर्ट ब्रिग्ज यांनी ६० अंशांचा कोन धरून कोष्टक बसविले. तेथील यंत्रअभियंत्यांच्या संस्थेने व कारखानदारांनी ते १८८६ साली मान्य केले. परिणाम पाहा. एक इंची नळीला इंग्लंडात इंचामागे ११ आटे, तर अमेरिकेत साडेअकरा. दोन-चार फेऱ्यांतच जोड अडतो. अर्ध्या इंचीला दोन्हीकडे १४ आटे. तेथे जोड बसतो, पण कोन जुळत नाही, म्हणून दाब आला की गळतो. अडणारा जोड परवडला, कारण तो निदान फसवीत तरी नाही.

ही केवळ कारागिरांची कटकट नव्हे. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पाणी होते, माणसे होती. पण अनेक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या.

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने आले, १८६५ साली रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. इंग्रजी कारभाराबरोबर इंग्रजी आटेही आले, आणि ५५ अंशांचा तो कोन भारतीय मानकांतही कायम राहिला. आपण मीटर-सेंटिमीटर स्वीकारले, तरी दुकानात ‘अर्ध्या इंचाचा पाइप’च मागतो. घरी जाऊन तो मोजावा: बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून बराच जास्त भरेल. अर्धा इंच हे आता माप नाही, नुसते नाव आहे. पण त्या नावाने नागपुरात घेतलेला सॉकेट रत्नागिरीच्या नळीवर बिनचूक बसतो, आणि ते ज्यांनी तयार केले त्या दोन कारागिरांची कधी भेटही झालेली नसते.