‘हनी’मागची आठ वर्षं

स्वीडनची पॉप गायिका रॉबिन हिचा ‘हनी’ हा अल्बम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. आधीचा ‘बॉडी टॉक’ थेट २०१०चा! मधल्या काळात इतरांसोबत जोडकामं झाली, पण तिचा स्वतःचा पूर्ण अल्बम नाही.

असं दमून थांबणं तिला नवं नव्हतं. विशीही गाठली नव्हती तेव्हा, अमेरिकेत गाणी गाजत असतानाच, ती अतिश्रमाने कोलमडून मायदेशी परतली होती. या वेळचं दुखणं मात्र खोलवरचं होतं. २०१४मध्ये तिचा जुना सहकारी, निर्माता ख्रिस्तियान फाल्क कर्करोगाने गेला. त्याच सुमारास जोडीदाराशीही फारकत झाली. पुढे ते नातं पुन्हा जुळलं. तिने मनोविश्लेषणाचे उपचार घेतले.

मग ती एकटीच बसून ताल रचू लागली. ‘मेट्रोनॉमी’ या बँडचा जोसेफ माउंट आणि जुना साथीदार क्लास ओलुंड नंतर सामील झाले. अल्बममध्ये गाणी नऊच, आणि तीही ज्या क्रमाने सुचली त्याच क्रमाने. म्हणून सुरुवातीच्या ‘मिसिंग यू’मध्ये विरह ताजा आहे, तर शेवटच्या ‘एव्हर अगेन’मध्ये मान वर केलेली बाई भेटते. ठेका सगळीकडे नाचाचाच; रडगाणं म्हणून ऐकायला बसाल तर फसाल.

एवढा वेळ घेणं तिला परवडलं, त्याचं एक रोखठोक कारणही आहे: ‘कोनिचिवा’ ही रेकॉर्ड कंपनी तिची स्वतःचीच, २००५पासूनची.