‘करंट’ म्हणजे नक्की कोणाचं काम?

ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं. इथून ऐरोलीचे आयटी पार्क जवळच. तिथे पहिली नोकरी लागलेल्या दिघ्यातल्या पोरापोरींची सुरुवातीलाच गाठ पडते ती गिटशी. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्सचा कोड सांभाळण्यासाठी ते लिहिलं. आज जगभरचा बराचसा कोड त्यावर सांभाळला जातो, आणि त्याचे काही संदेश नवख्याला सरळ चुकीच्या वाटेला लावतात.

एकाच प्रोग्रामवर अनेक जण काम करतात. प्रत्येकाची ब्रँच वेगळी आणि नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे एक कमिट. ब्रँच एकत्र आणायच्या रीती दोन. मर्जमध्ये दोन्ही इतिहास तसेच राहतात, वर एक जोड-कमिट बसतं. रिबेसमध्ये तुमची कमिट उचलून सगळ्यांच्या सामायिक मेन ब्रँचच्या टोकावर एकेक करून पुन्हा रचली जातात. मजकूर तोच असला, तरी गिटच्या लेखी ती नवी कमिट असतात आणि त्यांचे ओळखक्रमांकही नवे.

आता समजा, बिलाच्या प्रोग्राममध्ये उशिराचा दंड तुम्ही १०० केला आणि त्याच ओळीत सहकाऱ्याने मेनवर ७५. दोन्ही ब्रँच एकत्र आणताना गिट थांबतं आणि दोन्ही ओळी वर-खाली दाखवतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये वरच्या हिरव्या भागावर ‘करंट’ लिहिलेलं असतं, खालच्या निळ्यावर ‘इनकमिंग’. तुमच्या ब्रँचवर मेन मर्ज करत असाल तर करंट म्हणजे तुमचे १००. रिबेस करत असाल तर करंट म्हणजे सहकाऱ्याचे ७५! कारण रिबेस चालू असताना गिट मेनच्या टोकावर उभं असतं आणि तुमचं काम त्याच्या दृष्टीने बाहेरून येतं. तुम्ही विश्वासाने ‘अ‍ॅक्सेप्ट करंट’ दाबता आणि तुमचीच ओळ जाते. कुठलीही एरर येत नाही. बाजू उलट होतात हे गिटच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, पण संध्याकाळी काम द्यायच्या घाईत मॅन्युअल कोण उघडतं? त्या बटणावर ब्रँचचं नाव असतं, तर हा घोळ झालाच नसता. अशा चुकीसाठी ज्युनिअरला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा संदेश याहून घातक. ब्रँच आधी सर्व्हरवर पाठवलेली आहे आणि तुम्ही नंतर ती रिबेस केली, तर पुश, म्हणजे ती पुन्हा सर्व्हरवर पाठवणं, नाकारला जातो. गिट सांगतं की तुमची ब्रँच मागे आहे, आधी पुल करा, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आणून जोडा. प्रत्यक्षात सर्व्हरवर असतात ती तुमचीच जुनी कमिट. सल्ला मानून पुल केलं आणि ते मर्जवर लावलेलं असलं, तर जुनी आणि नवी दोन्ही कमिट इतिहासात येतात. एकच काम दोनदा दिसतं आणि रिव्ह्यू करणारा चक्रावतो. ब्रँच तुमच्या एकट्याची असेल, तर इथे पुल नको, ‘फोर्स विथ लीज’ लावून पुश करा. तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर तिथे दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल, तर तो पुश अडतो.

रिबेस अर्धवट असतानाच गोंधळ उडाला तर ‘गिट रिबेस’ला ‘अबॉर्ट’ जोडा, सगळं पूर्ववत होतं. रिबेस पूर्ण झाल्यावर चूक कळली, तरी कमिट केलेलं काम लगेच नाहीसं होत नाही. ‘गिट रिफ्लॉग’ लिहिलं की तुम्ही कोणत्या कमिटवरून कोणत्या कमिटवर गेलात ते ओळीने दिसतं. सेटिंग बदललेलं नसेल, तर सुटून गेलेल्या कमिटचीही नोंद तिथे ३० दिवस राहते. रिबेसच्या आधीचा क्रमांक शोधून त्यावरून नवी ब्रँच काढली, की दंडाची ती १००ची ओळ जशीच्या तशी परत मिळते.