तोड्याची बंदूक : नांदेडचे शस्त्र, उदगीरचा रणसंग्राम

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगजी यांची शस्त्रे जतन करण्यात आली आहेत. तलवारी, धनुष्यबाण आणि रत्नजडित ढाल यांच्याकडे भाविकांची दृष्टी आधी वळते. मात्र या शस्त्रांत एक तोड्याची बंदूकही आहे. गुरुजींचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेड येथेच झाले. त्या काळी हिंदुस्थानातील शिपायाच्या हाती बहुधा हीच बंदूक असे.

तिची रचना वरकरणी साधी. लांब लोखंडी नळी लाकडी दस्त्यावर पट्ट्यांनी आवळलेली असे. शिपाई नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठाशी. नळीच्या मागील टोकाशी बारीक छिद्र आणि त्यालगत छोटी वाटी. तीत रंजक, म्हणजे बारीक दारू, घातली जाई. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी हाच तोडा. तो धुमसत ठेवून घोड्याच्या चिमट्यात अडकवीत. चाप ओढताच घोडा वाटीत झुके, रंजक पेटे आणि छिद्रावाटे आग आत शिरून बार उडे.

पावसात तोडा विझे, रात्री त्याची ठिणगी शत्रूला ठिकाण सांगे. शिवाय जळता तोडा आणि दारू एकाच अंगावर वागवायची, म्हणून दोन शिपायांत अंतर राखणे भाग पडे. ही अडचण क्षुल्लक वाटेल. पण फौजेची मांडणी तिच्यावर अवलंबून होती. गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी चकमकीची बंदूक आल्यावरच शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले आणि कवायती पायदळ घडले.

फ्रेंच सेनानी बुसी याने निजामाच्या पदरी असे पायदळ उभारले. त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांकडे आला आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत आपल्या जुन्या धन्याविरुद्धच उभा ठाकला. हा विजय केवळ बंदुकीचा मानणे अतिशयोक्तीचे ठरेल. सदाशिवरावभाऊंच्या घोडदळाने निजामाची कोंडी केली होती आणि तोफांचा माराही होता. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख व दौलताबादचा किल्ला मराठ्यांना मिळाला.

तरीही तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही टिकून राहिली. कारण व्यवहारी होते. तिची दुरुस्ती गावचा लोहार करू शके. चकमकीच्या कमानीला मात्र उत्तम पोलाद लागे.

पुढे चकमकीची जागा स्फोटक टोपीने घेतली आणि फिरत्या कोठीचे रिव्हॉल्व्हर व्यवहार्य ठरले. अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने त्याचे पेटंट १८३६ मध्ये घेतले. त्याच सुमारास, १८३२ ते १८३७ या काळात, महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने नांदेडला तख्ताची वास्तू उभी राहत होती.